तळं चालत जाण्याच्या अंतरावर असू द्या

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही सोलापूरच्या साखर पेठेत राहतो. घर सासूबाईंच्या नावावर आहे. सासरे यंत्रमागावर होते, सासूबाईंनी तीसेक वर्षं विड्या वळल्या आणि दोघांच्या कष्टातून हे दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. आता घरात आम्ही पाच जण: मी, माझे मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांना आम्ही तेलुगूत अत्तम्मा म्हणतो. त्यांचं वय ७१, साखरेचा त्रास आहे, गुडघे दुखतात. मी विजापूर रोडवर एका पतसंस्थेत नोकरी करते.

मिस्टरांनी संभाजी तलावाच्या बाजूला एक रो हाउस बघितलंय. गच्चीवरून पाणी दिसतं, संध्याकाळी वारा सुटतो, पक्षी येतात. मी एकदाच गेले आणि खरं सांगते, जीव रमला. पेठेत खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. मुलांना खेळायला जागा नाही. पण एजंट म्हणतो, आठ दिवसांत विसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पैसे पेठेतलं घर विकून आणि वर कर्ज काढून उभे करायचे, असं मिस्टरांचं गणित आहे.

अत्तम्मा म्हणतात, तळ्याकाठी डास, साप, ओल. तिथे कोण राहतं? मी येणार नाही. मिस्टर म्हणतात, म्हातारपणी माणूस हट्टी होतं, एकदा गेली की रुळेल. मी मधे अडकले आहे. जुळे सोलापुरात, तलावापासून लांब, एक फ्लॅटही त्याच किमतीत मिळतोय, पण त्याला ती हवा नाही. तळ्याकाठी राहणं खरंच बरं की वाईट? आणि दवाखाना, शाळा, बाजार या सोयी बघताना नेमकं काय बघायचं? शिवाय रो हाउसला बोअर आहे, ते पाणी प्यायला चालेल का?

– एक सून, साखर पेठ

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट ही सांगते की आठ दिवसांत विसार देऊ नका. घर चांगलं निघालं तरी नको. तुम्ही एका संध्याकाळी, एकदा, कोरड्या हवेत तिथे गेलात. तळ्याकाठचं घर पावसात, रात्री आणि नळाला पाणी सुटण्याच्या दिवशी बघायचं असतं. एवढ्या तीन वेळा बघून घर हातचं गेलं, तर जाऊ द्या. घाई विकणाऱ्याला आहे. तुम्ही मात्र सासूबाईंच्या आयुष्यभराच्या कमाईला हात घालताय.

आता तळ्याबद्दल. तुमचा जीव रमला यात काही चुकलं नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा गावात पाण्यावरून येणारा वारा ही फार मोठी गोष्ट आहे. जुनी माणसं अजूनही ज्याला कंबर तलावच म्हणतात, त्या संभाजी तलावाने या बाजूला जो मोकळेपणा दिलाय तो पेठांना कधी मिळाला नाही. शेजारी स्मृती उद्यान आहे, विजापूर रोडवरच वन विभागाचं सिद्धेश्वर वनविहार आहे. सकाळी चालायला, मुलांना झाडं-पक्षी दाखवायला शहरात याहून बरी जागा कमीच. पण या सगळ्याचा लाभ घ्यायला घर तळ्याच्या काठालाच लागून असावं लागत नाही. वारा, पक्षी, फिरायची वाट हे सगळं दहा मिनिटं चालत जाऊनही मिळतं. काठावरच्या घराला त्याखेरीज जे मिळतं ते बहुतेक त्रासाचं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तो परिसर जरूर निवडा, पण तळं चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं घर शोधा, आणि ते थोड्या उंचावर असू द्या.

त्रास कुठला ते सांगते, म्हणजे मिस्टरांशी बोलताना तुमच्याकडे नुसती भीती नसेल.

पहिला प्रश्न सांडव्याचा. तलाव भरला की जादाचं पाणी कुठून बाहेर पडतं, तिथून पुढे नाला कुठून कसा जातो, आणि त्या नाल्यावर कोणी भिंत, रस्ता, घर घातलंय का, हे प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. घर तलावाच्या वरच्या अंगाला असेल तर आजूबाजूचं पाणी तलावाकडे जाताना त्या गल्लीतून जातं. खालच्या अंगाला असेल तर सांडव्याचं पाणी येतं. एजंट दोन्ही बाजूंना ‘लेक व्ह्यू’च म्हणणार. आपलं गाव अवर्षणाचं म्हणून आपण पुराचा विचारच करत नाही, पण १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आठवा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला महापूर तर अगदी कालचा. शेजारच्या चार घरी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूधवाल्याला विचारा की या दोन पावसांत पाणी कुठवर आलं होतं. विकणाऱ्याच्या देखत विचारू नका. मग घराच्या आतल्या भिंती तळापासून हातभर उंचीपर्यंत निरखा. नवा रंग फक्त खालच्या पट्ट्यात दिलाय का, लोणा लागलाय का, कपाटाच्या मागे ओलीचा वास येतो का. रंगाखाली लोणा फार दिवस लपत नाही.

दुसरा प्रश्न मातीचा. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तलावालगत ती वर्षातले कितीतरी महिने ओली राहते आणि मग एकदम वाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर दारं अडकायला लागतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा सुटतात. एखादा ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर बरोबर न्या. त्याला फी द्या. नातेवाईक म्हणून फुकट नेलात तर तो तुमच्या मिस्टरांचा चेहरा बघून बोलेल.

तिसरा प्रश्न मैलापाण्याचा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या भागात घरं आधी झाली आणि ड्रेनेज मागून आलं. काही ठिकाणी ते अजून यायचंय. तेव्हा विचारा: या घराचं संडास-मोरीचं पाणी महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला जोडलंय की शोषखड्ड्यात जातं? तलावाच्या काठी पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येतं, तेव्हा शोषखड्डा शोषत नाही. तो भरतो, उलटा येतो, किंवा त्यातलं पाणी मातीतून झिरपत शेजारच्या बोअरला आणि जमिनीतल्या हौदाला मिळतं. ज्या तलावात आजूबाजूच्या वस्तीचं सांडपाणी उतरतं, तिथे जलपर्णी माजते, आणि ती कुजली की तोच वारा नाकाला पदर लावायला लावतो. म्हणून गच्चीवर एकदा एप्रिल-मेमध्ये, पाणी आटलेलं असताना उभ्या राहा.

आता नळाच्या पाण्याकडे येते. तळं दारात असलं तरी नळाला त्या तळ्याचं पाणी येत नाही. शहराला पाणी येतं ते भीमेवरच्या उजनी धरणातून: काही थेट जलवाहिनीने पाकणीच्या केंद्रात, काही नदीत सोडून औजच्या बंधाऱ्यातून टाकळीमार्गे सोरेगावला. थोडं हिप्परग्याच्या तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात. उजनी भरलेली असली तरी तीन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा नळ येतो, हे तुम्ही पेठेत भोगताच आहात. उजनीहून टाकलेल्या समांतर जलवाहिनीने शहरापर्यंत जास्त पाणी पोचलं, तरी तुमच्या गल्लीत ते किती दाबाने आणि किती वेळ येतं हे तिथली टाकी आणि आतल्या वाहिन्या ठरवतात. म्हणून पाणी सुटण्याच्या दिवशी जा, अर्धी रात्र असली तरी जा, आणि स्वतः बादली लावून बघा. गल्लीत सगळ्यांनी नळाला थेट मोटर लावलेली दिसली, तर समजून घ्या की दाब नाही.

साठवणीचा हिशेब असा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं मानक आहे. पाच माणसांचे दिवसाला ६७५ लिटर होतात. पाच दिवसांचं धरलं तर ३,३७५. म्हणजे जमिनीतला हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून साडेतीन ते चार हजार लिटरची सोय लागते. तुम्ही काटकसरीने वापराल हे मला ठाऊक आहे, पेठेतल्या बायकांना पाणी पुरवणं कोणी शिकवावं लागत नाही. पण पाहुणा आला, मूल आजारी पडलं, नळ एक दिवस चुकला, तर हाच हिशेब उपयोगी पडतो. हौद तळ्याकाठच्या घरात असेल तर तो आतून रिकामा करून बघायला सांगा. बाहेरचं पाणी आत पाझरत असेल तर त्याच दिवशी कळेल.

तुमच्या सासूबाईंचं डासांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घाण, तुंबलेल्या पाण्यात होणारे डास तळ्याकाठी त्रास देतातच. जलपर्णी माजली तर जास्तच. पण डेंग्यूचा डास तळ्यात वाढत नाही, तो घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात पिंप, रांजण, हौद सगळीकडे भरलेले असतात, म्हणून हा धोका पेठेतही आहे आणि जुळे सोलापुरातही. उपाय एकच: आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी करायची, आणि हौदाचं झाकण घट्ट बसतं का बघायचं. हौद मोठा असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

सापांचं म्हणाल, तर जिथे पाणी, गवत आणि उंदीर तिथे ते असणार. अंगणात विटांचा, लाकडांचा ढीग ठेवू नका, आणि सासूबाईंना जमिनीवर अंथरून झोपायची सवय असेल तर तिकडे खाटेवर झोपू द्या. मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश झालाच तर मांत्रिक, चिरा, आवळून बांधणं यात एक मिनिट घालवू नका, थेट सिव्हिल हॉस्पिटल. ही भीती खरी असली तरी घर न घेण्याइतकी मोठी नाही.

सोयींबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण यात तुमचे डोळे माझ्यापेक्षा तयार असतील. विजापूर रोडला आयटीआयपासून सैफुलपर्यंत आणि आत जुळे सोलापुरात शाळा, बँका, दवाखाने, भाजी, औषधं सगळं आता मिळतं. तुमची नोकरी त्याच बाजूला, म्हणजे तुमचा रोजचा वेळ वाचेल. मुलांसाठी शाळेचं नाव बघण्याआधी शाळेची वाट बघा. विजापूर रोड हा महामार्ग आहे. केगाव-हत्तूर बाह्यवळण झालं तरी हा रस्ता नऊ वर्षांच्या मुलीने सायकलवर एकटीने ओलांडायचा नाही. शाळा रस्त्याच्या अलीकडे मिळाली तर तुमची रोजची धास्ती संपते. होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ पासून गोव्याची विमानं सुरू झाली. त्याचा आवाज थोडाफार येईल, तो सवयीचा होतो. पण पुढे वर मजला चढवायचा बेत असेल, तर विमानतळाजवळच्या भागात इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या.

सासूबाईंसाठी दवाखाना बघताना रात्री दोन वाजताचा विचार करा. साखर एकदम उतरली, घाम फुटला, तर त्या गल्लीत रिक्षा कुठे मिळेल? मोठी रुग्णालयं मध्यवर्ती भागात आहेत, म्हणजे पेठेतून जवळ आणि तिकडून लांब. परिवहनची बस आता भरवशाची राहिलेली नाही. तुमच्या मिस्टरांनी एकदा रात्री त्या घरापासून सिव्हिलपर्यंत गाडी चालवत जावं, वाटेत दिवे किती, खड्डे किती हे बघावं. आणि जवळ रात्री उघडं राहणारं औषधाचं दुकान कुठलं ते आताच माहीत करून घ्यावं.

आता कागद. इथे मी जरा कठोर होते, कारण हद्दवाढ भागात लोक याच ठिकाणी फसतात. रो हाउसची जमीन बिनशेती आहे की गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली? गुंठेवारीची असेल तर ती नियमित झाल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र आहे का? गुंठेवारीचा मूळ कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची संधी मिळाली. ‘सगळ्यांचं होतंय, तुमचंही होईल’ हे उत्तर घेऊ नका, कागद मागा. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि वापर परवाना हे तिन्ही हवेत. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती जमीन शहराच्या विकास आराखड्यात कशात दाखवलाय याचा झोन दाखला काढा, आणि तलाव व नाल्यापासून किती अंतर सोडायला हवं होतं ते लेखी विचारा. एखादा वकील गाठून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, करून घ्या. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर घर आपल्या नावावर होत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. आणि घर नव्या प्रकल्पातलं असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर तो बंधनकारक आहे. राष्ट्रीयीकृत बँक या घरावर कर्ज द्यायला का-कू करत असेल आणि एजंट ‘दुसरीकडून करून देतो’ म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

आता सासूबाई. पत्रात तुम्ही त्यांचं म्हणणं तीन शब्दांत सांगितलंत: डास, साप, ओल. मला वाटतं, त्या जे बोलत नाहीत ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्या बाईने तीस वर्षं विड्या वळून घर उभं केलं, तिच्यासाठी ते घर विकणं म्हणजे नुसतं पत्ता बदलणं नव्हे. तिच्या ओट्यावर दुपारी कोण येऊन बसतं? तेलुगूत मोकळेपणाने बोलायला तिकडे कोण असेल? नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा ती दारात उभी राहून पाहते की नाही? साखरेची गोळी चुकली की आठवण करणारी शेजारीण कोण? हट्टी म्हणून मिस्टरांनी विषय संपवला, पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांनी शोधलेलं नाही. ‘रुळेल’ हा शब्द मला काळजीत टाकतो. सत्तरीनंतर ओळखीची गल्ली सुटली की माणूस बऱ्याचदा गप्प होतो, आणि घरच्यांना वाटतं रुळलं.

आणि पैशाचं उघड बोलायला हवं. घर त्यांचं आहे. त्या ‘नाही’ म्हणत असतील तर ते विकता येत नाही, आणि गळ घालून, रडारड करून त्यांची सही घेऊ नका. उद्या त्या मनापासून तयार झाल्या तरी, त्यांच्या घराचे पैसे नव्या घरात जाणार असतील तर नव्या खरेदीखतावर त्यांचं नाव असलंच पाहिजे. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, हे सगळं खरं असलं तरी नाव हवं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात आपल्या छपराचा कागद असावा, हे मी कुठल्याही घराला सांगेन. एक सोयीची गोष्ट अशी की महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सासूबाई आणि तुम्ही अशा दोघींच्या नावे घर घ्यायचं ठरलं तर तिचा विचार करा. कर्ज कोणाच्या नावावर, विक्रीवरचा कर कसा बसेल, हे मात्र विसाराआधी सीएला विचारून घ्या. जुनं घर एकाच्या नावाचं आणि नवं दुसऱ्याच्या, असं झालं की करसवलतीत अडचणी येतात.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. पेठेतलं घर आत्ता विकलं नसतं. तलावापासून दहा-पंधरा मिनिटं चालायच्या अंतरावर, जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, तळमजल्यावरचं घर एक वर्ष भाड्याने घेतलं असतं. पावसाळा बघितला असता, उन्हाळा बघितला असता. सासूबाईंना पेठेतलं दार उघडं ठेवलं असतं, म्हणजे आठवड्यातले काही दिवस इथे, काही तिथे. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे असं मिस्टर म्हणतील. पण चुकीच्या घराचं वीस वर्षांचं कर्ज त्याहून कितीतरी जड असतं. वर्षभरात सासूबाई स्वतः म्हणाल्या की इथे बरं वाटतं, तर निर्णय सोपा झाला. नाही म्हणाल्या तर पेठेतलं घर शाबूत आहे, आणि तुम्ही कर्ज झेपेल तेवढ्यातच दुसरी वाट शोधाल.

तुम्ही सांगितलेला तो फ्लॅट मला पत्रावरून रो हाउसपेक्षा बरा वाटतो. तिथेही वर सांगितलेली पाण्याची, ड्रेनेजची आणि कागदांची तपासणी करायचीच. शिवाय दोन गोष्टी जास्तीच्या: लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर ती चालते का. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं तर तिचं बाहेर पडणंच बंद होईल, मग कितीही हवा असो. तळमजला किंवा पहिला मजला मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या. संडासात कमोड आणि धरायला दांडी पहिल्या दिवसापासून असू द्या.

सासूबाईंना घर दाखवायला नेताना मात्र ‘बघा किती छान’ असं म्हणत नेऊ नका. एखाद्या सकाळी त्यांना आणि त्यांच्या एका मैत्रिणीला रिक्षाने स्मृती उद्यानात न्या, बाकावर बसू द्या, मुलांना खेळू द्या. घराचा विषय काढू नका. परत येताना त्या काय बोलतात ते ऐका. मग दुसऱ्या दिवशी मिस्टरांसमोर, तुम्ही तिघं बसून, त्यांना विचारा की कुठल्या घरात राहायला तुम्हाला आवडेल आणि त्यात काय काय हवं. त्यांनी देवघर, ओटा, खालची खोली असं काही सांगितलं तर ते लिहून घ्या आणि घर शोधताना तोच कागद बरोबर ठेवा. तुम्ही मधे अडकलात असं लिहिलंत. या बोलण्यात मिस्टरांनीच आईला विचारायचं आहे, तुम्ही नाही. आईचा नकार बायकोच्या तोंडून ऐकला की मुलाला तो सासू-सुनेचा वाद वाटतो.

एजंटाचा फोन आला तर एवढंच सांगा: वापर परवाना, मंजूर नकाशा आणि ड्रेनेज जोडणीची पावती यांच्या प्रती पाठवा, वकिलाने बघितल्यावर बोलू. ज्याच्याकडे कागद आहेत तो पाठवतो.

बोअरच्या पाण्याचं शेवटी राहिलं. ते वापरायला, धुण्या-भांड्याला, झाडांना घ्या. प्यायला तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि तलावाकाठी शोषखड्डे असलेल्या वस्तीत तर मुळीच नको. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली त्यांच्याकडूनच घ्या आणि कशी भरायची तेही विचारून घ्या. क्षार, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (मैलापाणी मिसळल्याची खूण असलेले) जंतू हे तिन्ही तपासायला सांगा. नमुना एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा सुरू झाल्यावर द्या, कारण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की निकाल बदलतो. जंतू निघाले तर बोअरचं पाणी स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. तिथल्या नळाला फक्त महापालिकेच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी जोडून घ्या. प्लंबरचं ते एका दिवसाचं काम आहे.